चुडत पडल्यावरचं हसू

‘आनंदात’ हा शब्द माझ्यासमोर कोणी काढला की हल्ली माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेल्या थंडीत हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले. मासळी घ्यायला गेले की कोणीतरी बाई म्हणायची, “तुझो भाव काय आनंदात होतो गो!” देवळाच्या पायरीवर बसलेले म्हातारे म्हणायचे, “आता बरो झालो तो, आनंदात आसा.” आणि माझा मोठा भाऊ तर हा शब्द पेढे वाटावेत तसा गावभर वाटत फिरत होता. मी शाळेत शिकवत होते, म्हणून चारचौघांत तोंड आवरायची सवय आहे. ती नसती तर त्या दिवसांत मी निम्म्या गावाशी बोलणं तोडलं असतं.

आम्ही तीन भावंडं. दादा थोरला. मुंबईला बँकेत होता, आता निवृत्त आहे. मी मधली. गावातल्याच शाळेत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि ते का केलं नाही ह्याच्या चौकशा आता कुठे थांबल्या आहेत. आई-वडील गेल्यावर खाडीकाठच्या ह्या घरात मी आणि धाकटा असे दोघंच राहतो. धाकट्याची पन्नाशी जवळ आली तरी तो धाकटाच. तो जन्मापासून इतरांसारखा नाही. मोजकं बोलतो, बोलताना तोंडाकडे बघत नाही. जेवणाचं ताट रोजच्या जागेवरून जरा इकडे तिकडे झालं तर जेवत नाही. लग्नाच्या वरातीचा बाजा रस्त्यावरून गेला तर कान दाबून भिंतीवर डोकं आपटतो. त्याच्यासाठी लोकांनी लहानपणापासून काय काय शब्द वापरले ते मी इथे लिहिणार नाही. वापरणारे अजून जिवंत आहेत आणि माझ्याकडे चहाला येतात.

ह्या धाकट्याला एक आनंद आहे. आमच्या घराभोवती माड आहेत. माडाची झावळी, आमच्याकडे तिला चुडत म्हणतात, जुनी झाली की पिवळी पडते, मग तपकिरी होते, खोडाला लोंबत राहते आणि एक दिवस वारा नसतानाही सुटून खाली येते. धाकटा सकाळी उठला की सगळे माड बघून येतो. त्यातलं एक चुडत निवडतो. मग विहिरीजवळ जांभ्या दगडाचा जो एक चिरा पडलेला आहे त्याच्यावर बसतो आणि त्या चुडताकडे बघत राहतो. ते त्या दिवशी पडेल, आठवड्याने पडेल, त्याची काही तक्रार नसते. जेवायला उठतो, झोपायला उठतो, पुन्हा येऊन बसतो.

आणि मग ते पडतं. वरून आधी सर्रकन आवाज, खाली येताना दुसऱ्या झावळ्यांना घासत येतं, आणि शेवटी जमिनीवर धप्प. त्यावर हा जो हसतो! पोटातून सुरू होतं, मान मागे जाते, दोन्ही हात हवेत फडफडायला लागतात, मधेच श्वास अडकून एक बारीक किंचाळी निघते आणि परत पहिल्यापासून. डोळ्यांतून पाणी गळतं. पलीकडच्या घरातली काकी कुंपणाजवळ येऊन ओरडते, “गप रे! काय मेल्या तां, माझा काळीज फुटला!” पण हसू आपल्या वेळेला थांबतं, काकीच्या नाही. मग तो ते चुडत ओढत कुंपणाच्या कडेला नेतो, आधीच्या चुडतांशेजारी लावून ठेवतो, आणि त्याला कोणी हात लावलेला त्याला खपत नाही.

ह्या आनंदाचा जगात कोणालाही काडीचा उपयोग नाही. त्याला काही खास कळतं, माडांविषयी त्याला सांगता येतं, असलं काही समजू नका. तो कुठलं झाड निवडेल हे मला इतक्या वर्षांत ओळखता आलेलं नाही आणि ज्यावर तो नजर लावून बसतो ते पडायच्या आधी कितीदा दुसरंच पडतं. तेव्हाही तो तितकाच हसतो. त्याला ते पडायला हवं असतं, एवढंच. असं हसणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मालवणात नाही, मुंबईत नाही, कुठेच नाही.

आता आमच्या गावच्या रीतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथून झालं. काही वर्षांनी एकदा आमच्याकडे गावपळण असते. ग्रामदेवतेचा कौल घेतात, आणि कौल झाला की आख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कड्या लावायच्या आणि निघायचं. वेशीपलीकडच्या माळावर माडाच्या झापांच्या राहुट्या उभ्या करायच्या. गावात चूलही पेटत नाही. मुंबईकर रजा टाकून येतात, म्हाताऱ्या फुगड्या घालतात, पुरुष पत्ते कुटतात, खाडीत गळ टाकतात, संध्याकाळी भजनं. आयुष्यातले सगळ्यात सुखाचे दिवस कुठले असं आमच्या गावात कोणालाही विचारा, गावपळणीचे म्हणून सांगतील. मलाही आवडतात. मी काही गावाच्या रीतीवर उठलेली बाई नाही.

पण धाकट्याला घर सोडायचं म्हणजे मरण. त्यात आपण नसताना चुडत पडेल ही धास्ती. गेल्या खेपेला त्याला कसंबसं नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांची नजर चुकवून वेस ओलांडून पळाला आणि घरी येऊन आपल्या चिऱ्यावर बसला. गावात पाऊल पडलं म्हणून केवढा गहजब झाला. देवाला गाऱ्हाणं घालून चूक पदरात घ्या म्हणावं लागलं. पुढे वर्षभर कोणाची गाय आटली, कोणाची बोअर कोरडी गेली, की आमच्या घराकडे बघून लोक खाकरायचे.

म्हणून ह्या खेपेला कौल झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गावचे मानकरी आमच्या पडवीत हजर. मानकरी म्हणजे देवळात पहिला मान ज्यांचा, गाऱ्हाणं घालायचा अधिकार ज्यांचा, ते. माणूस वाईट नाही. पण ठरवून आले होते.

“बाई,” ते मला म्हणाले, “गेल्या खेपेक काय झाला ता तुमी इसराक नसतलास. ह्या खेपेक तेची जबाबदारी घेवा. सगळ्यांबरोबर रवलो तर तो पण खूश रवात.”

“तेका विचारल्यात?” मी म्हटलं.

“तेका काय विचारूचा? तेका काय कळता?”

“देवाक विचारल्यात मा?”

“देवाक विचारूकच व्हया.”

“मगे तेका पण विचारा. हो बगा, थंय बसलो हा.”

मानकरी उठले नाहीत. मीच गेले आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “रे, गावपळणीक येतलस मा?”

तो वर बघत म्हणाला, “नाय. माझा चुडत पडतला.”

मानकऱ्यांना हसू आलं. ते हसू दाबायचा त्यांनी प्रयत्न केला हे मी मान्य करते, पण माझा पारा जो चढला तो चढलाच.

मी तरी देखील वाट काढली होती. खाडीपलीकडचा काठ दुसऱ्या गावात येतो, म्हणजे वेशीबाहेरच. तिथे एक मुसलमान कुटुंब राहतं, होडीवाले, आमच्या वडिलांच्या वेळेपासून जाणं-येणं. त्यांच्या अंगणात बसलं की खाडीपल्याड आमचे माड समोर दिसतात. त्यांच्या आजीला मी जाऊन विचारलं. ती म्हणाली, “घेवन ये गो तेका. बसात थंय, आमच्या माडांचीय चुडता पडतत.” मी धाकट्याला होडीतून नेऊन ती जागा दाखवली. त्याने बसून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, “हंयसून दिसता.” माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. देवाची रीतही राहील, त्याचा जीवही राहील.

हे मी फोनवर दादाला सांगितलं आणि तिथेच माशी शिंकली. दादा म्हणाला, सगळा गाव माळावर आणि आपला भाऊ दुसऱ्यांच्या अंगणात, हे दिसायला कसं दिसेल? किती दिवस त्याला असा वेगळा काढणार? त्यालाही सगळ्यांसारखा आनंद मिळायला नको का? मी म्हटलं, त्याला सगळ्यांसारखा नको, त्याच्यासारखा हवाय. दादा म्हणाला, मी येतो आणि बघतो. दादाचं ‘मी बघतो’ म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं असतं, म्हणून मी फार मनावर घेतलं नाही. पण ह्या वेळी तो उंटावरून उतरला.

तो आणि वहिनी आले ते गोळ्यांचं पाकीट घेऊनच. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलंय, म्हणाला. नुसतं शांत राहण्यासाठी आहे, काही अपाय नाही. स्वयंपाकघरात आमचं वाजलं. मी म्हटलं, आजारी आहे का तो? दादा म्हणाला, आजारी नाही, पण सुखी आहे का? भिंतीवर डोकं आपटणाऱ्या माणसाला तू सुखी म्हणतेस? वहिनी मधे पडली, सणासुदीला आवाज नको म्हणाली. मी बजावून सांगितलं की ह्या घरात त्याला विचारल्याशिवाय त्याच्या पोटात काही जाणार नाही. निघायच्या सकाळी मी मागे कोंबड्या डालग्यात भरत होते, तेवढ्यात दादाने त्याला चहातून गोळी दिली.

मला ते कळलं ते त्याच्या चालण्यावरून. दाराला कडी लावली तरी त्याने मागे वळून बघितलं नाही. माडांच्या खालून गेला आणि वर बघितलं नाही. माझ्या पिशवीचा बंद धरून मुकाट चालत राहिला. मी दादाकडे बघितलं तर त्याने मान दुसरीकडे वळवली. अशा गुंगीत त्याला होडीत बसवायची माझी छाती झाली नाही, म्हणून खाडीऐवजी आम्हीही गावाबरोबर वेशीकडे निघालो.

वेशीवर सगळा गाव थांबला. मानकऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा! आज ह्यो सगळो गाव लेकराबाळांसकट, गुराढोरांसकट तुझ्या हुकमान भायर पडता हा. तेंची राखण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव एका आवाजात म्हणाला.

“कोणाचा काय वाकडा नाकडा असात, ता सरळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आणि त्या आवाजात माझ्या अगदी शेजारून एक आवाज होता. धाकटा म्हणाला होता. जन्मात कधी म्हणाला नव्हता. गर्दीत कान दाबून उभा राहायचा तो, हात सोडून, चेहऱ्यावर एक गुळगुळीत हसू घेऊन ‘व्हय म्हाराजा’ म्हणाला. बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. कोणीतरी डोळे पुसले. मी त्या गाऱ्हाण्याला व्हय म्हटलं नाही. माझं तोंड उघडलंच नाही. आणि देवाला राग आला असेल तर येऊ दे. मलाही आला होता.

ते तीन दिवस माळावर जो तो सुखात होता. मी खोटं बोलणार नाही. उन्हं कोवळी होती, मासे भरपूर मिळाले, कोणाचं कोणाशी भांडण झालं नाही. धाकटा राहुटीत बसून राहायचा. राहुटीचं छप्पर झापांचं, म्हणजे पडून गेलेल्या, विणून टाकलेल्या चुडतांचं. त्याच्या डोक्यावर बोटभर अंतरावर चुडतंच चुडतं, आणि त्याने एकदाही वर बघितलं नाही. कुठल्याही ताटात वाढा, जेवायचा. भजनात टाळ्या वाजवायचा, सगळ्यांच्या मागून अर्ध्या ठेक्याने. बायका त्याच्या गालावरून हात फिरवून जायच्या. काकी, जी त्याला वर्षानुवर्षं गप रे म्हणत आली, ती त्याला नारळाच्या वड्या भरवत होती. म्हणे, “बगा, किती गुणाचो झालो!”

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसला. जिंकलेल्या माणसाचा मोठेपणा त्याच्या तोंडावर होता. म्हणाला, “आता तूच सांग. तो आनंदात. गाव आनंदात. आम्ही सगळे आनंदात. सगळ्यांची बेरीज केली तर वाढली की कमी झाली? एक तू सोडून कोण दुःखी आहे इथे?”

मी म्हटलं, “दादा, तुझी बेरीज मला कळत नाही. ह्या राहुटीत पत्ते चाललेत, त्या राहुटीत पत्ते चाललेत, पलीकडे पत्ते चाललेत. सगळे एकाच गोष्टीवर एकाच तऱ्हेने खूश. चांगलंच आहे ते. पण त्यातला एक डाव उधळला तर दुसरीकडे तसाच डाव चालू राहील. पत्ते खेळण्याचं सुख काही जगातून नाहीसं होणार नाही. ह्याचं जे होतं ते एकाकडेच होतं. ते काढून घेऊन तू त्याला सगळ्यांकडे आहे तेच आणखी एक दिलंस. त्याने काय वाढलं?”

“आणि त्याचं ते डोकं आपटणं? तेही एकाकडेच होतं,” दादा म्हणाला. “तेही जपून ठेवायचं? तुला एक आगळंवेगळं हसू ऐकायला मिळावं म्हणून त्याने जन्मभर वाजंत्र्यांना घाबरायचं? तो काय तुझ्या कपाटातली शोभेची वस्तू आहे?”

हे मला झोंबलं. अजून झोंबतं. कारण डोकं आपटताना त्याला धरते मी, दादा नाही, आणि धरल्यावर तो किती थरथरतो हे माझ्या हातांना माहीत आहे. ते दुःख जाईल अशी गोळी निघाली तर मी स्वतः आणून देईन. पण ह्या गोळीने एक दुःख नेताना त्याच्याबरोबर त्यालाच नेलं होतं. मागे जे उरलं होतं ते कोणाचंही असू शकलं असतं. मी दादाला म्हटलं, “तो वस्तू नाही म्हणूनच म्हणते, त्याला विचार. देवाला जाताना विचारलंत, परत येतानाही विचाराल. मानकऱ्यांना विचारलंत, डॉक्टरला विचारलंत. त्याला एकदा विचार.” दादा म्हणाला, “तू शाळेत नाहीयेस,” आणि उठून पत्ते खेळायला गेला.

परतीचा कौल झाला. लोक वाजतगाजत गावात आले. वाजंत्री आमच्या धाकट्याच्या कानाशी वाजत होती आणि तो हसतमुख चालत होता. आमच्या अंगणात आम्ही नसताना पडलेली चुडतं आडवी पडली होती. तो त्यांच्यावरून पाय टाकून पुढे गेला. चिरा तसाच रिकामा राहिला.

मला वाटलं, आता गावपळण संपली, गोळीही संपली. पण दादा मुक्काम वाढवून राहिला आणि गोळी चालू ठेवली. चांगलं चाललंय तर बंद कशाला करायची, म्हणाला. मी त्याच्या हातून पाकीट ओढून घ्यायला गेले तेव्हा वहिनी रडायला लागली. शेजारीपाजारी दादाच्या बाजूचे. मीच वाईट. भावाचं सुख जिला बघवत नाही अशी बहीण, असं माझ्याबद्दल बोललं गेलं, आणि ते मला सांगायलाही लोक घरी आले.

त्यानंतरची ती दुपार. आम्ही सगळे पडवीत चहा घेत होतो. धाकटा भिंतीला टेकून बसला होता, कप हातात. आणि वरून सर्रकन आवाज आला. घासत, अडकत, सुटत ते आलं आणि विहिरीजवळ धप्प पडलं.

सगळे थांबले. वहिनीची बशी ओठांपर्यंत जाऊन तशीच राहिली. दादाने तर तोंड वेडावाकडं करून खांदे वर घेतले होते, लहानपणापासून तो असंच करायचा, धाकट्याची किंचाळी कानावर येण्याआधी. आम्ही वाट बघत होतो. सगळ्यांच्या अंगात ती सवय होती, ज्यांना ते हसणं नको होतं त्यांच्याही. काही आलं नाही. धाकट्याने चहाचा घोट घेतला. कुंपणापाशी काकी येऊन उभी राहिली, ओरडायच्या तयारीत, आणि तशीच उभी राहून म्हणाली, “आज कसो गप आसा गो?”

दादाने खांदे खाली केले. धाकट्याकडे वळून जरा जास्तच मोठ्याने विचारलं, “खूश आसस मा रे?”

“व्हय,” धाकटा म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून त्याच्यासमोर बसले. “तुझी सगळी चुडता जाळून टाकू?”

“व्हय.”

“तुका घरातसून भायर काढू?”

“व्हय,” तो म्हणाला, त्याच हसऱ्या तोंडाने.

“आयकलंस?” मी दादाला म्हटलं. “आयकलंस तुझो आनंद? आता बेरीज कर. कर ना!” मी ओरडत होते. काकी कुंपणापाशी ऐकत होती, तिला ऐकू दे म्हणून आणखी ओरडले. मी आत जाऊन पाकिटावरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते बिचारे चकित झाले. म्हणाले, ते त्या तीन दिवसांपुरतं दिलं होतं, तुम्ही अजून कशाला देताय? बंद कशी करायची ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. ते मी फोन स्पीकरवर टाकून दादाला ऐकवलं. दोन दिवसांनी दादा-वहिनी निघाले. कसालच्या स्टँडपर्यंत रिक्षाने गेले. रिक्षात बसताना दादाने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याशी तो बोलला नाही आणि मीही बोलले नाही.

मग धाकटा परत यायला लागला, आणि यायला लागला तो संतापूनच. एका सकाळी त्याने कुंपणाच्या कडेला जाऊन बघितलं. त्याने वर्षभर लावून ठेवलेली चुडतं तिथे नव्हती. तो काही म्हणत नाही हे बघून काकीने ती झाप विणायला आणि चुलीला नेली होती. “माझी चुडता खंय? माझी चुडता खंय?” दिवसभर एकच. मी त्याचं ताट वाढलं, ते त्याने उचलून फेकलं. आमटी भिंतीवर. मग भिंतीवर डोकं. मी त्याला धरून बसले, तो मला ढकलत होता, माझ्या हाताला चावला. त्या दिवशी आमच्या घरात आनंद औषधालाही नव्हता. मला, त्याला, कुंपणापलीकडे तोंड लपवून बसलेल्या काकीला, कोणालाच नव्हता. पण त्याला कशाचा तरी राग आला होता, आणि तो राग त्याचा होता. मी भिंत पुसताना रडत होते आणि मला बरं वाटत होतं.

काकीने दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात पडलेलं एक चुडत स्वतः ओढत आणून कुंपणाला लावलं. त्याने ते परत तिच्या हद्दीत नेऊन टाकलं. त्याला त्याचीच हवी होती. माझ्याशी तर तो कितीतरी दिवस बोलला नाही. चिऱ्यावर मात्र बसायला लागला. वर बघायला लागला.

पुढच्या गावपळणीला आम्ही दोघं खाडीपलीकडच्या अंगणात जाणार आहोत. मानकऱ्यांना सांगून टाकलंय. ते म्हणाले, देवाक विचारूया. मी म्हटलं, विचारा, आणि देवाने नाही म्हटलं तर मला बोलवा, मी बोलते त्याच्याशी.

गेल्या आठवड्यात मी बांगडे साफ करत होते. मागून सर्रकन आवाज आला. हातातली सुरी तशीच राहिली. धप्प झालं. आणि मग ते आलं, पोटातून, किंचाळी फुटत, थांबत, परत पहिल्यापासून. मी माशांनी बरबटलेल्या हातांनी दारात जाऊन उभी राहिले. काकी कुंपणापाशी आली, तोंड उघडलं, आणि काही न बोलता तिथेच उभी राहिली. हात फडफडवत, मान मागे टाकून तो हसत होता, आणि आम्हा दोघींकडे त्याचं लक्षही नव्हतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. तो निघून गेल्यापासूनचा हा पहिला फोन. इकडचं तिकडचं हवा-पाणी विचारलं. मी हो-नाही करत राहिले. मग एकदम, मुंबईत राहून कधीच टाकलेल्या आमच्या बोलीत त्याने विचारलं, “हसलो?”

“आज हसलो.”

रेंज गेली असं वाटून मी फोन ठेवणार होते. तेव्हा तो म्हणाला, “माका आयकाचा होता गो.”

मी त्याच्यासाठी किती दिवस काय काय साठवून ठेवलं होतं. ते काहीच तोंडात आलं नाही. “मगे हंय ये,” मी म्हटलं. “आनि चिऱ्यार बसून वाट बघ. फोनार ता आयकूक मिळाचा नाय.”